खडूचे सात गोल

मंगळवार, १३ मार्च २००१, अबू धाबी

आज मुसफ्फा इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमध्ये गेले, लेबनॉनच्या चर्चचा दुरुस्तीला आलेला जुना दरवाजा बघायला. त्यात युद्धातल्या गोळ्यांची सात भोकं होती. ती तशीच ठेवायची, म्हणून गेल्या आठवड्यात मीच प्रत्येकाभोवती खडूने गोल काढला होता. आणि आज एकही भोक नाही! चिपळूणचे आमचे सुतार सलीमभाई, त्यांनी सगळी बुजवून वर पॉलिश मारलेलं.

"मॅडम, हात फिरवून बघा. कळणार पण नाही."

भोकं ठेवायची होती म्हटल्यावर चेहराच उतरला त्यांचा. "पण तुम्ही मार्क केलं होतं ना?"

खरंच की. इथे खडूचा गोल म्हणजे डिफेक्ट, बुजवायचा. आधी इथल्या टॉवर्सच्या साइटवर मी स्वतः असे हजारो गोल काढलेत. युद्धात मोडलेली चर्चेस दहा वर्षं दुरुस्त करतेय, आणि एवढं सुचू नये मला?

"परत ड्रिल मारतो," म्हणाले. मग स्वतःच थांबले. "पण ते भोक माझं होणार, मॅडम. गोळीचं नाही."

कुणावर चिडू? खडू अजून माझ्याच पर्समध्ये आहे.

त्या चर्चच्या फादरनी एकच मागितलं होतं: भोकं राहू देत, नाहीतर उद्या पोरं म्हणतील, इथे काही झालंच नव्हतं.

मी हात फिरवून पाहिला. खरंच कळत नाही.