खिशातले खडे

३ फेब्रुवारी १९५८
नामाला घरी आणून बारा दिवस झाले. एक शब्द नाही. पोटभर जेवतो, बैलांना पाणी दाखवतो, लाकडं फोडतो. बोलायचं तेवढं नाही. पाठचा भाऊ असला तरी स्पष्ट लिहितो, मला संशय येतो. कुळगीच्या रानात किंदळाचं झाड पडलं, त्याखाली करवतीचा जोडीदार धाकू गेला, हे दुःख खरं. पण झाड कलताना आरोळी द्यायची असते. मुकादमानं विचारलं, दिलीस का? नामा गप्प. हे गप्प राहणं सोयीचं तर नाही ना...

६ फेब्रु.
रामनगरला डॉक्टरकडे. घसा ठीक, जीभ ठीक. "मनाला धक्का बसलाय मास्तर, घाई करू नका." सांगायला त्यांचं काय जातं?
सौ.नं धुवायला सदरा घेतला तर खिशात खडे. सुपारीएवढे, सात-आठ. हे काय आता?

९ फेब्रु.
देवळात मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावला. उजवी पाकळी पडली, म्हणजे बरा होणार. उजवीला गुरवानं पाणी कमीच लावलं होतं, मी बघत होतो. तरी घरी येताना जिवाला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१५ फेब्रु.
मुकादम कागद घेऊन आला. "धारवाडला येड्यांच्या इस्पितळात न्हेऊन ठिवा मास्तर. थोरल्या भावाची सही लागतीया, बाकीचं मी बगतो." याला एवढी कळकळ कधीपासून? कागद पेटीत. सही केली नाही. करावी का, ठरत नाही.

१८ फेब्रु.
शाळेच्या मधल्या सुट्टीत नामाच्या मागे गेलो. धाकूच्या परड्यात शिरला. धाकूची बायको पार्वती पाठमोरी भांडी घासत होती. यानं खडा मारला, तिच्या पाठीला लागला. तिनं वळून पाहिलं, मान हलवली. नवरा जाऊन महिना नाही. मग आरोळी का दिली नसेल, ते... पुढं लिहवत नाही.

१९ फेब्रु.
पार्वतीला तोंडावर विचारलं. ती रागावली नाही. हातातलं भांडं खाली ठेवलं.
"त्यास्नी ऐकू येत न्हवतं, मास्तर. मुकादमानं कामावनं काढलं असतं, म्हून कुणाला सांगू नगं अशी नामाला मीच शपथ घातलेली. झाड कललं की ह्यो खडा मारायचा, त्ये वळायचे, सरकायचे. मढं घिऊन आला तवा येवढंच बोलला, 'वयनी, पाचोळ्यात खडा गावला न्हाई. नुस्ता वरडलो.' मग जे त्वांड मिटलं त्ये मिटलंच."
"आणि आता?"
"आता खडा लागला की मी वळून बगते. त्येला तेवढंच पायजे असंल."
मला माझीच लाज वाटली. ऐकू न येणाऱ्याला ओरडून सांगितलं, आणि ओरडण्यावरचा विश्वासच उडाला त्याचा.

२० फेब्रु.
शाळेतून आल्यावर अंगणात पाठ करून बसलो, दावं वळत. खडा लागला. वळलो. नामानं माझ्याकडे नीट बघितलं. बारा-पंधरा वेळा हेच. सौ.ला वाटतं आता दोघेही गेले कामातून.

२७ फेब्रु.
रोज चाललंय. पाठ ठणकते. नेम चुकत नाही गड्याचा.
धाकूला ऐकू येत नाही हे मुकादमाला आधीच ठाऊक असावं, तरी रानात पाठवला. नामा बोलला तर अडचण, म्हणून धारवाड? की हाही माझाच संशयी स्वभाव?

४ मार्च
मुकादम उद्या कागदासाठी येणार. संध्याकाळी आंब्याखाली बसलो. बराच वेळ खडा आला नाही. वर वाळकी फांदी करकरली. मागून हाक, "अण्णा". मला अण्णा म्हणणारा घरात नामा एकटाच. मी झटकन बाजूला झालो. फांदी पडली नाहीच, वाऱ्यानं हलत होती. वळून पाहिलं तर नामाची मूठ आवळलेली, खडा आतच. तोंडही मिटलेलं. नामा घामानं भिजला होता.
सौ.ला विचारलं, ऐकलंस? "न्हाई बाई. मी चुलीपाशी हुते."
कुणावर विश्वास ठेवायची मला सवय नाही, स्वतःच्या कानांवरही नाही. पण खडा लागला नव्हता आणि मी सरकलो होतो. कागद अजून पेटीत आहे, बिनसहीचा.