मशीनला वाढवलेला नारळ

आये,

तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तो प्रश्नच उरला नाही, म्हणून हे निवांत लिहिते आहे. गेल्या आठवड्यात ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलींसमोर मला उभं केलं. मॅडम, तुम्ही या लाइनीत आलात तेव्हा कसं होतं ते सांगा, म्हणाल्या. मी सांगितलं. मशीन कशा होत्या, फ्लॉपी केवढी होती, प्रिंटर सुरू झाला की शेजारचा माणूस काय बोलतो ते कसं ऐकू यायचं नाही. मुली हसल्या. मग एकीने विचारलं, "तुम्ही काय काम करता ते घरी कुणाला कळायचं का हो?" मी आपलं "छे गं, कुणाला कळणार" म्हणून टाकलं आणि पाणी प्यायले. घरी येईपर्यंत ते उत्तर मला खात होतं. कारण कळायचं. तुला कळायचं. निदान ते पहिले काही महिने तरी नक्की कळायचं.

मला ती नोकरी लागली तेव्हा आपल्या बाळकुमला इमारती नव्हत्या, खाडीवरून वारा थेट ओट्यावर यायचा आणि आपल्या आळीत कॉम्प्युटर हा शब्द म्हणताना लोक दोनदा अडखळायचे. बी.कॉम. झाल्यावर मी ठाण्यात एक कोर्स केला आणि तिथूनच एका लहानशा कंपनीत ट्रेनी म्हणून चिकटले. आजूबाजूच्या कारखान्यांचे पगार मशीनवर काढून द्यायचे, हे आमचं काम. मशीनची खोली बंद, गारेगार, चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात गेल्यासारखं. मी पहिल्या दिवशी कुडकुडत घरी आले, तर तू मला जवळ घेऊन हात चोळलेस आणि म्हणालीस, "बर्फात म्हावरं ठेवतात गो, मानसं नाय ठेवत." दुसऱ्याच दिवशी मासळी विकून येताना तू स्टेशनजवळून एक स्वेटर घेऊन आलीस, विटकरी रंगाचा, माझ्यापेक्षा दोन मापं मोठा. मे महिन्यात, अंगातून घामाच्या धारा निघत असताना, मी हातावर स्वेटर टाकून बाळकुमच्या रस्त्याने बसला जायचे. पोरीला ताप आहे आणि तरी आई कामाला पाठवते, असं आत्या चार घरी सांगून आली. तू तिला काही बोलली नाहीस. फक्त पुढचे चार दिवस तिच्या वाट्याला कालवणात डोकीच येत होती.

पण मला स्वेटरबद्दल नाही लिहायचं. मला संध्याकाळबद्दल लिहायचं आहे. मी हातपाय धुऊन स्वयंपाकघरात येते. तू चुलीजवळ पाटावर बसून कोळंबी सोलते आहेस. बाबा होडीकडे गेले आहेत. मी तुझ्यासमोर उकिडवी बसते, तू मान वर करत नाहीस आणि विचारतेस, "आज काय केलंस गो?"

"एका कारखान्याचे पगार काढले."

"तू कारलेस?"

"मशीनने काढले. मी मशीनला सांगितलं कसे काढायचे ते."

"नी तिनं आयकलं?"

"आज ऐकलं. काल नव्हतं ऐकलं."

"का गो?"

"माझंच चुकलं होतं. आधी सांगायचं ते नंतर सांगितलं."

कोळंबीचं डोकं मोडून बाजूला टाकतेस. "म्हंजे जालं पान्यात सोरलं नी मंग दोरी बांदायला गेलीस."

"अगदी तसंच."

"मंग गेलं जालं," तू म्हणतेस, आणि प्रकरण मिटवून टाकतेस.

रोज असंच. तू नुसती विचारून सोडत नसायचीस, तुला सगळं लागायचं. ज्या माणसाची रजा झाली त्याचे पैसे मशीनला कसे कळतात? दोघांचं नाव एकच असेल तर ती गोंधळत नाही का? आंघोळ न करता आत गेलं तर चालतं का तिला? या शेवटच्यावर मी हसून लोळायचे, पण बाकीचे प्रश्न मला साहेबांनीही विचारलेले नसायचे. आणि तुला सांगता सांगता कितीदा तरी माझी चूक मलाच सापडायची, तुझ्यापुढे, कोळंबीच्या सालींच्या ढिगाशेजारी. दिवसभर ऑफिसात मी जे काही करायचे ते, खरं सांगायचं तर, संध्याकाळी तुला सांगण्यासाठी करायचे. पगार ही वरकमाई होती.

मग दसरा आला. ऑफिसात मशीनची पूजा होती आणि साहेबांनी सगळ्यांना घरच्या माणसांना घेऊन यायला सांगितलं होतं. साहेब ठाण्याच्या नौपाड्यातले, वयस्कर, फार नेटके. त्यांनी पूजाही नेटकी आखली होती. कुंकू मशीनला लागू द्यायचं नाही, कागदावर टिकली काढून तो कागद चिकटवायचा. अक्षता ताटातच. नारळ बाहेर पायरीवर वाढवायचा. तू ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोलीची वेणी माळून आलीस. येताना पिशवीतून तुझा स्वतःचा नारळ आणला होतास, ते मला माहीत नव्हतं. चप्पल काढून तू आत आलीस, मी तुला माझी जागा दाखवली, ती काळी स्क्रीन, ती हिरवी अक्षरं. तू स्क्रीनसमोर हात जोडलेस. मग इकडेतिकडे बघून हळूच मला म्हणालीस, "कोनी पानी नाय दिलं गो हिला?"

आपल्याकडे पावसाळा संपून होडी पहिल्यांदा पाण्यात घालायची असली की नारळ तिच्या पुढच्या टोकावर फोडतात आणि पाणी तिच्याच अंगावर सोडतात. पाणी न घेतलेल्या होडीत तू बाबांना पाय ठेवू दिला नसतास. साहेब माझी कुणाशी तरी ओळख करून देत होते, म्हणून माझी पाठ वळली होती. तू पायरीवर जाऊन नारळ वाढवलास आणि अर्धी वाटी दोन्ही हातांत धरून, एक थेंब सांडू न देता, माझ्या टेबलाशी आलीस. आणि दिलंस पाणी. सगळं, कीबोर्डवर. मी वळून पाहिलं तेव्हा स्क्रीनवर एकच अक्षर ओळीच्या ओळी भरत धावत सुटलं होतं, आणि तू आनंदाने माझ्याकडे बघून म्हणत होतीस, "बग, चालाय लागली!"

"अहो बाई, हे काय केलंत!" साहेब ओरडले. मग आवाज खाली आणून ते मला म्हणाले, "तुम्ही त्यांना आधी सांगायला नको होतं का? उद्या पगार छापायचे आहेत." मशीनचा तो भाग कायमचा गेला. दिवाळीपूर्वी मला कायम करणार होते, ते पुढे ढकललं. "आता पुढचं पुढे बघू," साहेब तुझ्यासमोरच म्हणाले. तुझ्या हातात रिकामी करवंटी तशीच होती. ती कुठे ठेवायची ते तुला कळत नव्हतं.

मी तुला बोलले नाही, एका शब्दाने नाही. तू मात्र दुसऱ्या दिवशी बाजार आटोपून रिकामी पाटी घेऊन आमच्या गेटवर जाऊन उभी राहिलीस. हे मला साहेबांनी सांगितलं. पोरीची काय चूक नाय, मना काय ती शिक्षा करा, असं तू त्यांना म्हणालीस. ते खाली आले, तुला खुर्ची दिली, काळजी करू नका म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. पावसाळ्याआधी त्यांनी मला कायम केलंही. मी धावत घरी आले आणि तुला सांगितलं, तू माझ्या हातावर साखर ठेवलीस आणि म्हणालीस, "बरं झालं गो." मी वाट बघत उभी राहिले. तू उठून भात बघायला गेलीस.

कारण दसऱ्यापासून तू विचारणं सोडून दिलं होतंस. मी समोर येऊन बसायचे आणि तू म्हणायचीस, "जेवतेस?" मी आपणहून सांगायला लागले तर, "मना त्यातलं काय कलतं," म्हणून तू काहीतरी आणायला उठायचीस. माझी ऑफिसची पिशवी तू हातानेसुद्धा सरकवायची नाहीस. आपण हात लावला, तोंड घातलं की पोरीचं बिघडतं, असं तू मनाशी धरून बसली होतीस. मी नाना परींनी समजावलं. मशीन तशीही जुनीच होती म्हटलं, साहेब विसरून गेले म्हटलं, तुला मुद्दाम चुकीचं सांगून बघितलं की तू अडवतेस का. तू "हं" म्हणायचीस. त्या "हं"चा मला इतका राग यायचा, आये. पुढे मी लग्न होऊन डोंबिवलीला गेले, मोठ्या कंपनीत लागले, माझ्या हाताखाली माणसं आली. संध्याकाळी घरात विचारणारं कुणी नव्हतं असं नाही. नवरा विचारायचा, सासूबाईही विचारायच्या. पण ते दमलीस का, असं विचारायचे. काय केलंस, हे नाही. मला तुझी आठवण यायची, तू बाळकुमला चांगली जिवंत असताना यायची.

शेवटी दम्याने तुला उठणंबसणंही जमेना तेव्हा मी तुला डोंबिवलीला आणलं. तुला तिथे खाडीचा वास येत नाही म्हणून झोप लागत नसे. मी रजा टाकून घरी बसले होते. एका तिन्हीसांजेला मी तुला पेज भरवून तोंड पुसत होते, आणि तू माझ्याकडे नीट बघून, मध्ये काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणालीस, "आज काय केलंस गो?"

"काही नाही. आज घरीच होते ना."

"कायच नाय?" तुझा चेहरा असा काही उतरला की मला राहवेना.

"केलं की," मी म्हटलं. "एक प्रोग्रॅम लिहिला. सकाळी विचारलं की सांगतो, आज कुठल्या बाजारात कुठलं म्हावरं कमी आहे. म्हणजे बायकांना डोक्यावर पाटी घेऊन उगाच फिरायला नको."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलीस. "पावसाल्यात पन सांगल?"

"पावसाळ्यातही सांगेल."

"चांगलं केलंस," तू म्हणालीस. त्याच आठवड्यात तू गेलीस.

तो प्रोग्रॅम मी लिहिला नव्हता, आये. तेव्हाही नाही, नंतरही नाही. तुझं तोंड पुसता पुसता सुचलं ते बोलले. पुढे मला बढत्या मिळाल्या, लोकांनी हार घातले, पण तुझ्या तोंडचं "चांगलं केलंस" एवढं एकच माझ्यापाशी आहे, आणि तेही न केलेल्या कामाचं. ते तुला खरं सांगून परत करावं, म्हणून आज लिहायला बसले होते. पण आता इथवर आल्यावर मन होत नाही. नाही करत परत. राहू दे माझ्याकडे.