ऐकून घेत जा

ती. आईस अमेरिकेतल्या चँडलरहून नमस्कार.

मी मजेत आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

काल थिएटरात सत्तरच्या दशकातला एक मारधाडीचा सिनेमा पाहिला. त्यातली कृष्णवर्णीय हिरॉइन, डोक्यावर टोपलीएवढे कुरळे केस, एकटीच गुंडांच्या अड्ड्यात शिरते आणि कुणाचं म्हणजे कुणाचं ऐकून घेत नाही. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. तुझे जावई म्हणाले, "सीन करू नकोस. बस खाली."

सगळेच वाजवत होते गं.

पाठवणीच्या वेळी तू कानात म्हणाली होतीस, "ऐकून घेत जा." मी बसले. पुढचं काही नीट दिसलं नाही. जुना सिनेमा धूसरच असतो म्हणा.

आई, तुझ्या कानात हे कुणी सांगितलं होतं?

तुझी गुणाची,
शैलजा