चार बाय सहाची यादी

चौसाळा

ती. सौ. मुक्ताआक्कास,

भारतचा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर आणि दाजींची साखर दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. फोनच करणार होतो, पण दाजी तुझा फोन स्पीकरवर लावून मधे बसतात, आणि हे त्यांच्यासाठी नाही.

धनश्रीचं लग्न वैशाखात धरायचं ठरलं तेव्हाच मी मनाशी म्हटलं, की मामाचा आहेर असा न्यायचा की तुमच्या माजलगावात नाव निघालं पाहिजे. त्यासाठी दिवाळीपासून बचत सुरू केली. मोबाईलवर एक गृहस्थ सांगत होते की मनात येईल ती वस्तू लगेच घेऊ नका, यादीत लिहा आणि महिनाभर थांबा, हौस आपोआप ओसरते. शहाण्या माणसाने वहीत लिहिली असती. पण माझं पडलं फ्लेक्सचं दुकान. मी चार बाय सहाची यादी छापली (वर हात जोडलेला माझा फोटो, कारण फोटोशिवाय फ्लेक्स छापायची हाताला सवयच नाही) आणि बैठकीत लावली. पिंप, मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, असं बरंच काही. आणि खरं सांगतो, पैसे साठू लागले. मी गावभर उपदेश करत फिरलो.

मग नव्या खोल्यांची वास्तुशांती आली. पाहुण्यांच्या पंगती नेमक्या त्या फ्लेक्सखाली बसल्या. चकलांब्याच्या कडूबाई मावशी पुरण खाता खाता मोठ्यानं म्हणाल्या, "भारतनं लई सोय केली बाई! काय द्यावं इचारायचं कामच न्हाई." आठवड्यात तीन मिक्सर, पाच घड्याळं आणि दोन पिंपं घरात. एक रुपया न घालवता यादी पुरी झाली म्हणून मी मूर्खासारखा पेढे वाटत सुटलो.

आता लग्नसराईत त्या प्रत्येक घरी कार्य निघालं आहे, आणि परतीचा आहेर घेतल्यापेक्षा थोडा जडच द्यावा लागतो हे तुला मी काय सांगावं. आलेलंच फिरवावं म्हणून एक पिंप वत्सलाबाईंच्या मुलाच्या लग्नात नेलं. तिथं त्यांनी चार माणसांत ते उलटं करून पाहिलं, तर बुडाला "धुळाजींकडून सप्रेम भेट" असं कोरलेलं, आणि धुळाजी शेजारीच उभे. तेव्हापासून सगळं नवं विकत घेऊन देतोय. दिवाळीपासूनचं सगळं संपलं.

आक्का, लाज वाटते. अक्षता पडताना मी पोरीच्या मागं उभा राहणार आणि मामाचे हात रिकामे, हे मनात आलं की घास उतरत नाही.

दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
भारत

ता. क. वास्तुशांतीला तुम्ही दिलेला कूलर धनश्रीला मामाचा आहेर म्हणून आणला तर चालेल का? खोका जसाच्या तसा आहे. दाजींना सांग, भारतनेही त्याच कंपनीचा घेतला.

दुसरा ता. क. तुझ्या भावजयीने, विजयमालाने, पत्र वाचलं. ती म्हणते, "खरं लिवा, न्हाईतर मी लग्नाला येत न्हाई." तर खोका जसाच्या तसा आहे, कूलर त्यात नाही. होळीपासून चालू आहे. लग्नाच्या दिवशी पहाटे पुसून घेऊन निघतो. त्याआधी मागू नकोस, इथं ऊन फार आहे.