दोन टाळ्यांचं गाणं

ता. ९ फेब्रुवारी

चि. खारीस थोरल्या काकाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र येऊन बावीस दिवस झाले आणि उत्तर आज लिहितोय, याची लाज वाटते. रागावू नकोस. डोळ्यात मोतीबिंदू, हाताला कंप आणि शिक्षण सातवीपर्यंतचं. एक पान लिहायला मला दोन दुपारी लागतात. पण खरं कारण ते नाही. तू जे विचारलंस त्याचं उत्तर द्यायला जीव धजत नव्हता.

तू लिहिलंस की तुझ्या बाबाच्या घशातली गाठ वाईट निघाली, स्वरयंत्रच काढावं लागणार, आणि त्याआधी काकांच्या दुकानातल्या कॅसेटींत त्याचा तरुणपणचा आवाज कुठे सापडतो का बघा. बाई गं, दुकान बंद होऊन वीस वर्षं झाली. लोकांच्या पसंतीची गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचं ते दुकान. एका बाजूला सहा-सात गाणी बसवायची आणि शेवटचं गाणं मध्येच तुटू द्यायचं नाही, एवढीच माझी विद्या. उरलेल्या कॅसेटी माळ्यावर एका खोक्यात आहेत. त्यांत तुझ्या बाबाचा आवाज नाही. नाही म्हणजे नाही.

परवा केस कापायला गेलो होतो. न्हाव्याच्या रेडिओवर जुनी गाणी लागली होती, अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदची. त्या काळात मी या गाण्यांना पत्र्याचा डबा म्हणायचो. माणसाऐवजी यंत्र ढोल वाजवणार, खांद्यांत उशा भरलेले चकचकीत कोट, फुगवलेले केस, आणि गाण्यात सांगायला काही उरलं नाही की तेच धृपद एक पट्टी वर चढवून पुन्हा म्हणायचं. दिवसभर ती गाणी भरून माझं पोट चालायचं आणि दिवसभर मी त्यांनाच नावं ठेवायचो. पण त्या खुर्चीत मान खाली घालून ऐकताना वाटलं, ही पोरं किती घाईत होती! बावीस-तेवीस वर्षांची. सहा आठवडे रेडिओवरच्या गाजत्या गाण्यांच्या यादीत राहायचं, मग रस्त्यात कुणी ओळखही देणार नाही, हे आधीच कळल्यासारखी गात होती. चाल सगळी नाचरी आणि शब्द सगळे कुणीतरी सोडून गेल्याचे. हे मला तेव्हा ऐकू आलं नाही. न्हावी म्हणाला, आजोबा, मान हलवू नका, कान कापला जाईल. मी म्हटलं, काप बाबा, तसाही त्याचा कधी उपयोग झालेला नाही.

ऑपरेशनची तारीख कळव. त्याला कोमट पाणीच दे. खिडकी उघडी टाकून झोपायची त्याची खोड लहानपणापासूनची आहे, तिच्याकडे लक्ष ठेव. मी विचारलं म्हणून सांगू नकोस.

जास्त काय लिहू? या म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
थोरला काका


ता. १५ फेब्रुवारी

ती. थोरल्या काकांस खारीचा शि. सा. न.

वि. वि. पत्र मिळालं. तुमच्या ओळी उतारावरून घसरत जातात, म्हणजे चष्म्याचा नंबर बदललाय. पुतणी चष्म्याच्या दुकानात काम करते आणि काका अंदाजाने लिहितात. लोक काय म्हणतील? फोन करत नाही, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आता बाबांना बोलता येत नाही. नुसते श्वासावर, कुजबुजल्यासारखे बोलतात. ऑपरेशन तीन मार्चला आहे.

कॅसेट नाही असं तुम्ही लिहिलंत ते मी त्यांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, एक होती. गाणाऱ्या पोरांच्या गटात जाण्याआधी एका गाण्याची चाल त्यांनी एकट्यानेच बसवली होती आणि तुमच्याच दुकानात, तुमच्याच यंत्रावर गायली होती. वर तारीख तुमच्या हातची. मग तिघांचा गट झाला, गाणं यादीत चढलं, आणि कॅसेटच्या वेष्टनावर चालीखाली नाव छापलं गेलं ते मुख्य गायकाचं. बाबांचा तर त्यात नुसता दुसरा आवाज, तोही यंत्राच्या ढोलाखाली दबलेला. म्हणून ते पुरावा मागायला तुमच्याकडे आले, तर तुम्ही म्हणालात की टाकून दिली, कचरा किती दिवस सांभाळायचा. त्यानंतर ते तुमच्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

काका, मला हे काहीच माहीत नव्हतं. मला माहीत असलेले बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे आणि घरात कधी गुणगुणतही नसत. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की दारातून ओरडून सांगायचे, घाबरू नका, दोन टाळ्या वाजवा, म्हणजे तुम्ही कुठे आहात ते मला कळेल. त्या गाण्यात धृपदानंतर दोन टाळ्या आहेत, हे मला परवा कळलं.

ते म्हणतात, जाऊ दे. मला जाऊ देता येत नाही. तुम्ही खरंच टाकलीत का? आणि येऊन जाल का? तीन तारखेपर्यंत थोडा का होईना, आवाज आहे.

तब्येतीला जपा. उत्तराची वाट पाहते.

तुमची,
खार


ता. १९ फेब्रुवारी

चि. खारीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. ती कॅसेट मी टाकली नाही. टाकली असती तर निदान खोटं तरी बोललो नसतो.

कॅसेटच्या पाठीमागच्या कडेला प्लास्टिकचे दोन बारीक तुकडे असतात. ते मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. त्याचं गाणं झालं तेव्हा ते मी स्वतः मोडले होते आणि कॅसेट गल्ल्याखालच्या खणात ठेवली होती. पण मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की यंत्र फसतं. गिऱ्हाइकांच्या जुन्या कॅसेटींवर नवी गाणी भरायला हे मी दिवसातून वीसदा करायचो.

गटाचं गाणं तेव्हा यादीत चढत होतं. अकरावं, मग सातवं. तुझ्या बाबाला जेवताना मी तोंडावर पत्र्याचा डबा म्हटलं होतं. तो उठून गेला, पान तसंच राहिलं. आणि दर शनिवारी दुपारी रेडिओवर यादी लागली की मी दुकानाचं शटर अर्धं ओढून ऐकत बसायचो. त्या शनिवारी गाणं पहिल्या पाचांत येणार अशी कुणकुण लागली होती. म्हटलं, भरून ठेवावं. दुकानातली दोन्ही यंत्रं ऑर्डरीत गुंतलेली. कोऱ्या कॅसेटी संपलेल्या. घरचा लहान टेपरेकॉर्डर रेडिओसमोर ठेवला, खणातून हाताला लागली ती कॅसेट घेतली, बोटाला भोक लागलं तशी सवयीनं चिकटपट्टी लावली आणि बटण दाबलं. नजर रेडिओकडे होती.

कार्यक्रम संपल्यावर तारीख घालायला कॅसेट काढली, तर वर माझ्याच अक्षरात तारीख होती. अर्ध्या तासाचा कार्यक्रम आणि अर्ध्या तासाची बाजू. त्याच्या आवाजाचा एक क्षणसुद्धा उरला नाही. दुसरी बाजू कोरीच होती.

तो मागायला आला तेव्हा खरं सांगायचं, तर शटर ओढून मी तोच डबा ऐकत होतो हेही सांगावं लागलं असतं. थोरलेपणाचा ताठा आडवा आला. तोंडातून कचरा हा शब्द गेला आणि मग तो परत घेता येईना. माझ्यामुळे त्याचं नाव गेलं, गाणं गेलं. आता घसा जातोय, तर त्याच्यापुढे कोणतं तोंड घेऊन येऊ?

त्या दिवसापासून मी ती कॅसेट कधी लावली नाही. सोबत पाठवतोय, टेपरेकॉर्डरही पाठवतोय. त्याला हे पत्र वाचून दाखव. तो जे बोलेल ते ऐकून ठेव आणि मला कळव. शिव्या दिल्या तरी कळव.

ता. २८. पत्र नऊ दिवस खणातच राहिलं. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून चिकट झाला होता. आधी पट्टा मिळेना, मग खोकं मिळेना, मग धीर मिळेना. आज पार्सल टाकलं. खिडकीवरची बाई म्हणाली, तीन दिवसांत पोचेल. मी तिला तीनदा विचारलं, तेव्हा म्हणाली, आजोबा, तुम्हीच खोक्यात बसा. कॅसेट लोहचुंबकाजवळ ठेवू नकोस, उन्हात ठेवू नकोस.

तुझा अपराधी,
थोरला काका


ता. १२ मार्च

ती. थोरल्या काकांस शि. सा. न.

वि. वि. पार्सल सहा तारखेला पोचलं. ऑपरेशन तीन तारखेला झालं. दोष देत नाही, पण तुम्ही कळवायला सांगितलंय म्हणून कळवते: आत नेताना बाबांचं शेवटचं बोलणं होतं, दादाचं पत्र आलं का गं. मी नाही म्हटलं.

तुमचं पत्र वाचून दाखवलं. सगळं ऐकून ते भिंतीकडे वळले. दोन दिवस टेपरेकॉर्डरला हात लावू दिला नाही. नऊ तारखेला दुपारी त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

आधी खरखर, मग निवेदक, मग खालून वर एकेक गाणं. चौथ्या क्रमांकाला ते आलं. आणि गाण्यासोबत आणखी कुणीतरी गायला लागलं. मला वाटलं दुसरं स्टेशन घुसलंय, म्हणून बंद करायला गेले, तर बाबांनी माझं मनगट धरलं. काका, ते तुम्ही होतात. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, एरवी ज्याला डबा म्हणायचात तेच गाणं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत गात होतात. शेवटी पट्टी चढते तिथे तुमचा आवाज फाटतो, तरी सोडत नाही. आणि प्रत्येक धृपदानंतर दोन टाळ्या, इतक्या जोरात की टेपरेकॉर्डर हादरलेला कळतो.

बाबा हसत होते. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी. मग पाटी मागितली. त्यांनी लिहिलं: दादा बेसूर. खाली लिहिलं: पण सगळं जग गायकाच्या मागे गायचं. हा माझी ओळ गातोय.

मी पुन्हा लावून ऐकलं. खरंच, काका. गायक एक गातो आणि तुम्ही दुसरंच, त्याच्या खालून जाणारं. गाण्यात जे दबलंय ते तुमच्या तोंडून स्पष्ट ऐकू येतं. बाबांचा आवाज मला मिळाला नाही, पण बाबा काय गात होते ते मिळालं.

आता वाईट बातमी. डॉक्टर म्हणतात गाठ फुप्फुसात उतरली आहे. महिनाभर, किंवा त्याहून कमी. घरी आणलंय. मला बोलवायचं असलं की पलंगाच्या दांडीवर दोनदा वाजवतात. तुम्हाला लिहायला त्यांनीच सांगितलं. लवकर निघा.

तुमची,
खार


ता. १७ मार्च

चि. बाज्यास दादाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. हे पत्र तुला लिहायला छत्तीस वर्षं उशीर झाला. एवढ्या उशिराची माफी कशी मागतात ते मला सातवीपर्यंत शिकवलं नाही.

खारीचं पत्र आल्यापासून तीनदा वाचलं. मी गात होतो हे मला खरंच माहीत नव्हतं रे. तुझी ओळ मला पाठ असणारच. गटासाठी बसवताना तू ती आपल्या स्वयंपाकघरात, डब्याच्या झाकणावर बोटं वाजवत, दोन महिने म्हणत होतास. मी म्हणायचो, बाज्या, झाकण मोडशील. गायकाची ओळ मला आजही येत नाही. मला ते गाणं तुझंच माहीत होतं. हे तेव्हा चार लोकांत म्हणायला हवं होतं. आता म्हणतो, पण ऐकायला फक्त न्हावी आहे. त्याला सांगितलं, ती चाल माझ्या धाकट्याची. तो वस्तरा थांबवून म्हणाला, मग आजोबा, म्हणून दाखवा. मी म्हटली. तो हसला नाही.

गुरुवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. न्हाव्याचा भाऊ त्या बाजूला जातोय, तो हाताला धरून आणेल. डोळ्याचं काय ते नंतर. दोन धोतरं, एक शाल आणि गोळ्यांची पुडी बांधून ठेवली आहे. तीनदा सोडून बघितली, काही राहिलं तर नाही ना. तू तोवर थांब. कधी माझं ऐकलं नाहीस, एवढं ऐक. गुरुवारपर्यंत थांब.

रविवारपासून मनात भलतंसलतं येतंय. रात्री गॅसची कळ बघायला उठतो आणि फोनच बघून येतो. फोनवर मला माणसाचं बोलणं कळत नाही, पण टाळी कळेल. पत्र मिळताच खारीला फोन लावायला सांग आणि तिच्याकडून तो दांडीजवळ धरव. बोलायचं नाही, लिहायचं नाही. फक्त दोनदा वाजव, म्हणजे तू कुठे आहेस ते मला कळेल. मी डावा कान लावून बसलोय. लवकर वाजव रे.

तुझा,
दादा