डाव्या हाताची पट्टी

६ फेब्रुवारी

डाव्या हाताची पट्टी बांधून झाली आहे, उजव्याची अजून मनगटावरून लोंबते आहे आणि मास्तर आत्ता बातमी सांगून गेले. म्हणून पत्र आधी, गाठ नंतर. अक्षर वाकडं आलं तर पट्टीला बोल लाव.

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार घालण्याइतकी कंबर आज वाकत नाही. उभ्यानंच सा. न. वि. वि.

बॉक्सिंगच्या किताबाचा सामना ठरला. वीस मार्च. ज्याचा नंबर होता त्याचा खांदा निखळला, दुसरा कुणी एवढ्या घाईत तयार होईना आणि कुणाच्या तरी तोंडात माझं नाव आलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. माझा धंदा काय आहे ते तुला ठाऊक आहे. पोरं वर चढत असतात, तेव्हा मधल्या एका पायरीवर मी असतो. मला हरवतात, हात मिळवतात, पुढे जातात. मी पडत नाही म्हणून मला बोलावतात. मास्तर म्हणाले, पायरीनं एकदा तरी माडी बघावी. मी हसलो. मग शौचालयात जाऊन थोडा वेळ उभा राहिलो.

खोली तीच, गोदामावरची. सकाळी चहा कपाच्या शेजारी ओतला. कप जागेवर होता, मीच हुकलो. टेबलाला चहा पाजला म्हणायचं.

दुपारी सराव संपला की आडवा होतो. तेव्हा आपली गच्ची दिसते. डाव्या अंगाला एक राखाडी चादर वाळत घातलेली. ती हलत नाही. तिच्यामागे तू असशील, चिमटे तोंडात धरून, असं वाटतं. गंमत म्हणजे डोळे उघडले तरी चादर जात नाही, थोडा वेळ तिथंच असते. घरची आठवण अशीही येते, हे मला माहीत नव्हतं. हल्ली मार न खाताही डोळ्यांपुढे काजवे चमकतात. फुकटचे.

पट्ट्या उद्याच्या टपालानं तुझ्याकडे धुवायला पाठवतो. त्या परत येईपर्यंत नुसतं धावणं आणि दोरीवरच्या उड्या. इथला लॉन्ड्रीवाला रोज विचारतो की आमच्या साबणात काय वाईट आहे. त्याला काय सांगू?

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, त्याला फक्त इस्त्री करत जा.

तुझा,
बारक्या

१२ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. तुझा उभ्यानं घातलेला नमस्कार पोचला. अर्धाच धरला आहे, उरलेला आल्यावर घाल.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. माडीच्या वाक्याला हे एकदम उठले आणि बॉयलरपाशी जाऊन उभे राहिले. तुम्हा पुरुषांना आनंद झाला की भिंतीकडे तोंड करून उभं का राहावं लागतं, कळत नाही. बॉयलर दोन दिवस रुसला होता. ह्यांनी आधी शिव्या दिल्या, मग तेल दिलं. तो चालू झाला. ह्यांचं म्हणणं, शिव्यांनी.

पट्ट्या धुतल्या, सावलीत वाळवल्या, सोबत आहेत. विरत चालल्या आहेत. त्या हॉटेलवाल्यानं आपल्या लॉन्ड्रीत टाकलेली चादर परत नेली असती तर तू आज काय बांधलं असतंस कोण जाणे. बाबा म्हणायचे, मालक येईल, ठेवा. तो आला नाही आणि तू मात्र रोज कुणाला तरी ठोसे मारून बोटं सोलून घरी येत होतास. शेवटी मीच ती फाडून तुला पट्ट्या केल्या. तुला डावं-उजवं कळेना म्हणून डावीच्या अंगठ्याच्या फासाला लाल दोरा घातला, तो अजून तसाच आहे.

आता एक विचारते. मी तुझा एकही सामना पाहिलेला नाही, पाहणारही नाही. मी पट्ट्या पाहते. पहिला ठोसा डाव्या हाताचा, तो दिवसभर राबतो आणि उजवा राजासारखा मागे बसतो, हे तूच मला शिकवलंस. म्हणून आजवर डावी पट्टी नेहमी मुठीवर घामारक्तानं पुठ्ठ्यासारखी कडक होऊन यायची. भिजत घालावी लागायची. या खेपेला डावी मऊ होती, घडीतल्या चादरीसारखी. पुठ्ठा झाली होती उजवी. आधी वाटलं, तू पुन्हा डावं-उजवं विसरलास. पण लाल दोरा आहे ना. हाताला काही लागलंय का?

मार खाऊन काजवे दिसतात तो तुझा धंदा. न खाता दिसतात ते मला आवडलं नाही. झोपत जा.

आशीर्वाद नेहमीचेच, पण या वेळी मोजून घे.

ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईसाहेब, पोलीस खातं यांस,

सा. न. वि. वि. गुन्हा कबूल नाही.

हात ठणठणीत आहे. डावा हल्ली गालाशी धरून ठेवतो, ढालीसारखा. वय झालं की माणूस ढाल वाढवतो आणि तलवार कमी करतो. मास्तरांना वाटतं, हे मी मुद्दाम शिकलो. परवा त्यांनी नव्या पोरांना माझ्यासमोर उभं करून सांगितलं की अनुभव म्हणजे काय ते बघा. पोरांनी बघितलं. मीही गंभीर चेहरा केला.

रिंगमधे हल्ली फार शांत वाटतं. घंटा वाजते आणि आवाज पाण्याखाली जातात. समोरचा सावकाश येतो, त्याचे हात शेवाळासारखे हलतात. पहिल्या सामन्याच्या वेळी असंच झालं होतं. तेव्हा मला वाटलं होतं की मी मेलो. मग कुणीतरी माझा हात धरून वर केला आणि दिव्याखाली माझ्याच दंडावरचा घाम इतका चमकला की मला तो परक्याचा हात वाटला. जिंकणं म्हणजे तेवढंच आठवतं. त्यानंतरच्या हारी मात्र एकेक चेहऱ्यानिशी आठवतात. कोण हात मिळवून गेला, कोण न मिळवता गेला. वाईट कुणी नव्हतं.

ती चादर मात्र वाऱ्यानं आत आली आहे. आता नाकापाशी येऊन थांबते. दिवसभर असते. मला तिची सवय झाली. तिच्या मागून ठोसा निघाला की आधी हवा येते, तेवढ्यावर मी मान काढतो. काल जिमच्या दारात डावा खांदा चौकटीला लागला आणि मी चौकटीची माफी मागितली. पोरं लोळली हसून.

मास्तरांना यातलं काही कळवू नकोस. ते घाबरट आहेत, सामना सोडायला सांगतील. ताई, मला एकदाच तिथं उभं राहायचं आहे. हरलो तरी चालेल, पण पायरी म्हणून नाही. जिंकलो तर किताब घेऊन गच्चीवर येईन आणि तुझ्या दोरीवर वाळत घालीन. चिमटे भक्कम ठेव.

पट्ट्या पाठवतो आहे. शेवटचा सराव आता त्या आल्या की सुरू. त्यांच्याशिवाय मी बॅगलासुद्धा हात लावत नाही, मास्तर वेडा म्हणतात. लवकर धू.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर रडू येईल.

बारक्या

२६ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

आशीर्वाद.

हे पत्र आणि पुडकं टपालानं पाठवत नाही. बसचा ड्रायव्हर आपलं गिऱ्हाईक आहे, तो संध्याकाळी जिमवर आणून देईल. त्याला पाणी विचार.

पुडक्यात एकच पट्टी आहे. उजवी. शोधू नकोस, हरवलेली नाही.

डावी पुन्हा मऊ आली. या खेपेला तर तिच्यावर माझी इस्त्रीची घडीसुद्धा मुठीवर तशीच होती. मी ती काउंटरवर ठेवून कितीतरी वेळ बघत बसले. मग तुझी दोन्ही पत्रं काढली आणि चहाचा कप, दाराची चौकट, चादर, सगळं एका रांगेत वाचलं. मला वाटलं होतं तुला घर आठवतंय. मी ते पत्र उशाशी ठेवलं होतं रे.

आपल्याकडे डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचे कोट येतात. आज त्या स्वतः न्यायला आल्या होत्या. मी तुझं नाव न घेता विचारलं, की एखाद्याला डाव्या बाजूनं राखाडी चादर दिसते, ती रोज आत येते आणि मधे काजवे चमकतात, तर काय समजायचं? त्यांनी हातातले कोट खाली ठेवले. म्हणाल्या, डोळ्याच्या आतला पडदा भिंतीपासून सुटत चालला आहे. म्हणाल्या, अजून शिवता येईल, पण मध्यावर आला की नाही. डोक्याला एक जोराचा धक्का बसला तर त्या दिवशीच संपलं. मग विचारलं, कोण आहे तो? मी म्हटलं, भाऊ. काय करतो म्हणाल्या तेव्हा मी मुठी वर करून दाखवल्या.

मी स्वतः येणार होते. पिशवी भरली होती. पण मी आले की तू हसशील, काहीतरी बोलशील आणि मी फसेन. लहानपणापासून फसते आहे. म्हणून पट्टी पाठवते.

मास्तरांना मी लिहिलेलं नाही. ते तू सांगायचं. नाही सांगितलंस आणि दुसऱ्या कुणाच्या पट्टीनं डावा हात बांधून उभा राहिलास, तर मला अडवायला येता येणार नाही. मी लॉन्ड्रीवाली आहे, रिंगमधे मला कोण सोडणार? पण ती पट्टी माझी नसेल.

बारा वर्षं वाट पाहिलीस आणि मी वीतभर कापड धरून बसले, असं तुला वाटेल. वाटू दे. मला आयुष्यभर पाण्यात पाहिलंस तरी दोन्ही डोळ्यांनी पाहा.

तुझी,
ताई

२८ फेब्रुवारी

सौ. ताईंना,

स. न. वि. वि. आपण एकमेकांना पाहिलेलं नाही. तुम्ही मला तुमच्या भावाच्या कागाळ्यांवरून ओळखत असाल. मी मास्तर. तो सांगतो आहे आणि मी लिहितो आहे, कारण त्याला डोकं खाली घालून पालथं पडून राहायचा डॉक्टरांचा हुकूम आहे. मधे मधे मी माझंही घालतो, त्याला कळत नाही.

तो सांगतो की नमस्कार या खेपेला खरोखरचा साष्टांग आहे.

परवा संध्याकाळी ड्रायव्हर आला. यानं पुडकं सोडलं, पत्र खिडकीशी नेऊन वाचलं आणि बाकावर येऊन बसला. उजवा हात बांधला. मग डावा गुडघ्यावर पालथा ठेवून त्याच्याकडे बघत राहिला. मी हाक मारली, आला नाही. एकानं आपली नवी पट्टी पुढे केली. ती घेतली, बांधायला लागला, अंगठ्यावरून घसरली. पुन्हा बांधली, पुन्हा घसरली. ती भिंतीवर फेकून तो तुमच्या नावानं बरंच बोलला. ते मी लिहीत नाही. तो लिहा म्हणतो आहे, तरी नाही. सारांश एवढाच, की सख्ख्या बहिणीनं माडीचं दार बाहेरून लावलं.

जिममधे दोरीवर उड्या मारणारा पोरगासुद्धा दोरी धरून उभा.

मग तो उठला, रिंगमधे चढला आणि मला म्हणाला, मास्तर, माझ्या डाव्या हाताला उभे राहा आणि वाटेल ते करा. मी उभा राहिलो. मी हात वर केला, टॉवेल हलवला, शेवटी त्याला जीभ काढून दाखवली. तो समोर बघत शांतपणे म्हणाला, झालं का सुरू? ताई, मी चाळीस वर्षं माणसांचे पाय बघून सांगत आलो की ती पुढे काय करणार. याचा डावा हात गालाशी बघून मी पोरांना अनुभव शिकवत होतो.

मी खाली बसलो. मग त्यानंच मला उठवलं.

आज सकाळी ऑपरेशन झालं. पडदा शिवला म्हणतात. किती दिसेल ते उद्या पट्टी सोडल्यावर. रिंग कायमची बंद, हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं तेव्हा तो पालथा होता, चेहरा दिसला नाही. त्यानं विचारलं, सामना कुणाला दिला? मी म्हटलं, दुसऱ्या पोराला. तो म्हणाला, त्या पोराला सांगा, डाव्या हातानं जास्त खेळ. मग म्हणाला की शुद्ध येताना त्याला तुमची गच्ची दिसली. दोऱ्या रिकाम्या होत्या. नुसतं ऊन. तुम्ही कुठं दिसला नाहीत. हे तुम्हाला लिहावं की नाही, यावर आमचं भांडण झालं आणि तो जिंकला.

तो सांगतो, लोभाचं काही लिहू नका, तिला माहीत आहे. मी लिहितो, लोभ असू द्या, दोघांवर.

आपला,
मास्तर

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, म्हणून सकाळचं लिहितो. डोळ्यावरची पट्टी सोडली. सगळं पाण्यातून पाहावं तसं दिसतंय म्हणाला. मी त्याच्या डाव्या हाताला स्टुलावर बसलो होतो. न विचारताच म्हणाला, मास्तर, दाढी करा, पांढरी आली आहे.