एकोणीस मिनिटं चाळीस सेकंदांचं मौन

३ मार्च, सकाळी ७.१०
अकरा वर्षांनी बँडचं नवं गाणं येतंय! सात तारखेला, दुपारी बारा वाजता. मूळच्या चौघांपैकी दोघेच उरलेत, गायक चौऱ्याहत्तर वर्षांचा. गाण्याची लांबी एकोणीस मिनिटं चाळीस सेकंद. हल्ली एवढ्या वेळात लोकांची मैत्री होऊन तुटतेसुद्धा.
संकल्प: गाणं फक्त नव्या हेडफोनवर ऐकायचं. मोबाइलवर ऐकणाऱ्यांशी बोलायचं नाही. कुणाचंही मत आधी वाचायचं नाही. रोज चालायला जायचं. (याचा गाण्याशी संबंध नाही, पण संकल्प चालूच आहेत तर.)
आमच्या ‘निवडक कान’ या ग्रुपमध्ये अडतीस जण. अ‍ॅडमिन मी. कानांच्या दवाखान्यात वीस वर्षं लोकांची श्रवणचाचणी घेतोय, तेव्हा पहिलं मत माझं असणार हे ओघानं आलंच.

७ मार्च, दुपारी १.०५
ऐकलं. दवाखान्यातल्या आवाजबंद खोलीत, लॅपटॉपला नवे हेडफोन लावून. बाहेर दोन पेशंट थांबले होते. थांबू देत, त्यांना तसंही हाका ऐकू येत नाहीत.
गायक गातच नाही! बासरी आहे, ऑर्गन आहे, गिटार दोन्ही कानांत फेर धरतं. पण आवाजाच्या जागी फक्त एक पुसट घुमणं, विहिरीच्या तळाशी कुणी पुटपुटल्यासारखं. ड्रमसुद्धा नावापुरते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी गायकानं गाणंच सोडून दिलं. केवढं धाडस!

७ मार्च, संध्याकाळी ६
ग्रुपवर दोनशे मेसेज. संकल्प मोडून वाचले. सगळे एकच म्हणतायत, काय आवाज आहे, काय आवाज आहे. रेकॉर्डिंगच्या आवाजाबद्दल बोलत असणार. मौनाबद्दल एक अक्षर नाही. यांना निवडक कोणी म्हटलं? मीच म्हटलं होतं.

८ मार्च
‘गायकाचं मौन’ हा लेख ग्रुपवर टाकला. बावीसशे शब्द. चालायला जाणं त्यामुळे राहिलं.
तासाभरानं दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं की दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनाही गायक नसल्यासारखाच वाटला. भूगोलाच्या मास्तरांनी लिहिलं, आवाज आहे, पण तो नसण्याच्या बाजूनं आहे. आवाज ऐकून अंगावर काटा आला असं काल लिहिणाऱ्या बँकेतल्या बाईंनी तो मेसेज गुपचूप काढून टाकला. मोठ्या मनाच्या आहेत.

१० मार्च, सकाळी
कॅसेटचा मेसेज, सगळ्यांसमोर. म्हणे, अरे गाढवा, चौथ्या मिनिटापासून तो घसा फाटेस्तोवर गातोय, तू नक्की कुठलं गाणं ऐकलंस?
कॅसेट म्हणजे माझा मेहुणा. कॉलेजात या बँडची पहिली कॅसेट त्याच्याकडे होती, म्हणून हे नाव. ती ऐकायला त्याच्या घरी जायचो. चहा त्याची बहीण आणून द्यायची. एकीकडे बँड कानात बसला, दुसरीकडे बहीण मनात. पुढचं सगळं त्या कॅसेटमुळेच. तरीही गाढव म्हणायचा अधिकार पोचत नाही.

११ मार्च
दिवसभर वाद. त्याचं पालुपद एकच, शब्दसुद्धा सांगू का? मी म्हटलं, तुला जे ऐकू येतंय ती तुझी सवय आहे, ऐकणं नव्हे. (वाक्य उत्तम जमलंय. लेखात घालणे.) त्यानं हसणारे सात चेहरे पाठवले.
जड अंतःकरणानं त्याला ग्रुपमधून काढलं. अंतःकरण जड होतं, अंगठा मात्र चटकन उठला.
बँडनंही चाळीस वर्षांपूर्वी ड्रमवाल्याला असंच भांडून काढलं होतं. मोठ्या संस्थांना असे निर्णय घ्यावेच लागतात.

१३ मार्च
बायको बोलत नाही. तिचं म्हणणं मुलीमार्फत आलं. दादाला काढलंस, तर आज त्याच्याकडे जेवायलाही मी एकटीच जाईन. गेली. मी ब्रेड खाल्ला. तत्त्वासाठी माणसं याहून वाईट खातात.
दवाखान्यात एक आजोबा मजेशीर. मी बीप वाजवत नव्हतो तरी बटण दाबत होते. ऐकू येतंय असं दाखवायचं होतं. माणूस स्वतःला किती फसवतो! मॅडमना सांगितलं. आमच्या डॉक्टर. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. कौतुकानं असावं.

१६ मार्च
ठरलं. एकवीस तारखेला वाचनालयाच्या हॉलमध्ये सभा. आधी माझं व्याख्यान, मग मोठ्या स्पीकरवर गाणं. लेखाचं इंग्रजी करून बँडला पाठवायचा. त्यांनी बोलावलं तर जायचं. तोपर्यंत पोट कमी करायचं. उद्यापासून चालणे.
दर आठवड्याला कॅसेटकडे बुद्धिबळ असायचं. काल पट काढून एकट्यानंच खेळलो. हरलो.

२१ मार्च, सकाळी ८
कपडे इस्त्री केले. बायको येणार नाही, मुलगी येणार. कॅसेटला निमंत्रण नाही. आलाच तर मागे बसू देईन. एक खुर्ची जास्त लावायला सांगितलीय. सहज.

२१ मार्च, संध्याकाळी ७.३०
नको.

२१ मार्च, संध्याकाळी ७.५०
लिहूनच टाकतो. एकतीस जण आले. व्याख्यान पाऊण तास. शेवटी म्हटलं, मित्रहो, आता ते मौन ऐका. हॉलच्या माणसानं त्याची बारीक पिनची वायर माझ्या लॅपटॉपला जोडली. चौथं मिनिट आलं आणि गायकानं असा काही सूर लावला की खिडक्यांची तावदानं थरथरली.
तो गात होता. मोठ्यानं, सलग, आठ मिनिटं! मी हात वर करून तसाच उभा. दातांचे डॉक्टर बूट बघत होते. भूगोलाचे मास्तर म्हणाले, त्यांना पहिल्यापासून शंका होतीच. बँकेतल्या बाई रडत होत्या. गाण्यामुळे की हसू दाबल्यामुळे, विचारलं नाही.
मागची खुर्ची रिकामीच राहिली.
ही गाण्याची दुसरी आवृत्ती असणार. बँडला जाब विचारायचा.

२२ मार्च, दुपारी
मॅडमना कान तपासायला सांगितले. मीच त्या खोलीत, बटण माझ्याच हातात. दोन्ही कान ठणठणीत. मॅडम म्हणाल्या, ऐकू येण्यात काही दोष नाही, ऐकून घेण्याची चाचणी मात्र आपल्याकडे होत नाही. मग घरी विचारून बघा म्हणाल्या.

२२ मार्च, संध्याकाळी
मुलीनं लॅपटॉप हातात घेतला. माझ्या हेडफोनची पिन जाड, लॅपटॉपचं कव्हरही जाड. तिनं कव्हर काढून पिन दाबली. टक्. म्हणाली, बाबा, ही पूर्ण बसलीच नव्हती. अर्धवट बसली की मधले आवाज गळतात, कडेचे तेवढे उरतात. तिच्या वर्गात सगळ्यांना माहीत आहे म्हणे.
बावीसशे शब्द.
मग गाणं ऐकलं. पहिल्यांदाच. गायक त्या हाकललेल्या ड्रमवाल्याशी बोलतोय. म्हणतो, तुझं स्टूल कुणाला हलवू दिलं नाही. भांडण कशावरून झालं ते आठवत नाही. ये, नाहीतर निदान येऊन शिव्या तरी दे.
हे शब्द कॅसेट मला सांगत होता. मी ऐकून घेतलं नाही. रडलो. हेडफोन घातल्यावर स्वतःचं रडणं ऐकू येत नाही, त्यामुळे जरा जास्तच रडलो असेन.

२३ मार्च, सकाळी १०
सोनारानंच कान टोचावेत म्हणतात ते खोटं नाही. कॅसेटला फोन केला. त्याचा आवाज स्पष्ट ऐकू यावा म्हणून मोबाइलला नवे हेडफोन लावून. सगळं बोललो. गाढव मीच. तुझ्या घरच्या जिन्यात बसून ती कॅसेट उलटसुलट करून ऐकायचो तेवढं सुख पुन्हा कधी लागलं नाही. तुझ्यावाचून गाणी नुसती ऐकू येतात. पंधरा मिनिटं एका दमात.
तो एक शब्द बोलला नाही. गहिवरला असणार. असं मौन मी ओळखतो. हलक्या हातानं फोन ठेवला. मन मोकळं झालं. संध्याकाळी चालायला जाणार.

२३ मार्च, १०.२०
कॅसेटचा मेसेज आला. तुझा फोन होता का? पाव तास नुसती खरखर. मी हॅलो हॅलो करून थकलो. काय म्हणत होतास?
मोबाइललाही जाड कव्हर आहे.
मागे वळलो तर बायको दारात. सगळं ऐकत उभी होती, जिन्यासकट. डोळे पुसले आणि दहा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलली. म्हणाली, आता हेच सगळं पुन्हा बोल. पिन काढून.